चाळीस दिवस शिळा पेपर

चाचा रोज सकाळी नेमाने पेपर वाचायचे, पण तो चाळीस दिवसांपूर्वीचा असायचा.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. समोरच्या हॉटेलातला पेपर दिवसभर गिऱ्हाइकांच्या हातून फिरून मऊ पडला की हॉटेलवाला तो चाचांकडे पाठवायचा. चाचा तो गठ्ठ्यावर ठेवायचे आणि वाचायला गठ्ठ्याच्या तळातला काढायचे. "ताजी बातमी कच्ची असती," ते म्हणायचे. "चाळीस दिवस ठेवली की समजतं, शिजली किती न् करपली किती."

निवडणुकीच्या दिवसांत सगळा बोळ त्यांची फिरकी घ्यायचा. निकाल लागून गेलेला असायचा आणि यांच्या पेपरात प्रचारच चाललेला. "चाचा, कोण येणार यंदा?" असं कुणी मुद्दाम विचारलं की ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "सांगता येत न्हाई बाबा. हवा बदलायलीय." कुणी निकाल सांगायला तोंड उघडलं की दोन्ही कानांवर हात. "नक्को, मेरेकु मत बोल!"

त्यांच्या दुकानामागच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्याने राहिलो. अक्कलकोट तालुक्यातल्या एका वस्तीवर आमची मेंढरं आणि शेरडं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा चाचांनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "स्वयंपाक येतो?" मी नाही म्हणालो. त्यांनी फळीवरची एक शेगडी काढून हातात दिली. "मग शीक. ही बदली शेगडी. बिघडली तर सांगायचं. लपवायचं न्हाई."

या बदली शेगड्या म्हणजे त्यांच्या धंद्याचं दुखणं होतं. नुसती नळी बदलायची असेल तर चाचा उभ्या उभ्या काम करून देत. पण शेगडीत त्यांनी आपल्या डोक्याने काही नवं केलं, म्हणजे बर्नरची भोकं वाढवली किंवा दुसऱ्याच शेगडीचा कॉक बसवला, की ती शेगडी चाळीस दिवस दुकानातून हलत नसे. तिच्यावर जुनी सोलापुरी चादर पांघरलेली. रोज सकाळी चादर बाजूला करून तिच्यावर चहा व्हायचा आणि परत पांघरूण. गिऱ्हाइकाला तोवर बदली शेगडी. कुणी तणतणलं तर चाचा शांतपणे विचारायचे, "तुमच्यात बाळंतीण सव्वा महिना भाईर पडती का? आमच्यात बी चाळीस दिवसांचा चिल्ला असतो. माणसाच्या पोराला एवढं जपताय, मग मशीननंच काय पाप केलंय?"

काही गिऱ्हाइकांना बदली शेगडीच आवडायची आणि ती परत यायचीच नाहीत. चाची आतून ओरडायच्या, "आधे शहर में अपनेच चूल्हे जलरे, अन् मैं हितं स्टोव्ह को पंप मारतीय!"

पेटलेली शेगडी ते डोळे मिटून ऐकायचे. मान जराशी वाकडी, गवयाचं गाणं ऐकावं तशी. मला म्हणायचे, "आग खोटं बोलत न्हाई. पण अर्धंच बोलती. बाकीचं आपण थांबून ऐकायचं."

मी थांबलो नाही. ती गोष्ट सांगायची म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझ्या आईची चूल सरपणावरची. धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे. वस्तीवर गाय-बैल नव्हते, पण लेंड्यांचे ढीग होते. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या मनात आलं की शेणाचा गॅस होतो तर लेंड्यांचा का होऊ नये? चाचांना विचारलं. त्यांनी परसातली जागा दिली, कुठून तरी एक जुनी प्लास्टिकची टाकी आणली, गॅस साठवायला ट्रॅक्टरची ट्यूब जोडली आणि बर्नर स्वतःच्या हाताने बसवला. मी टाकीत लेंड्या ओतायला निघालो तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"दही लावताना नुसतं दूध ठेवतोस का? विरजण लागतं की."

मग ते सायकलवरून गवळ्याकडे गेले आणि तीन खेपांत तीन टोपल्या गाईचं शेण घेऊन आले. पांढऱ्या पायजम्याची दशा बघून चाचींनी त्यांना मागच्या दारीच अडवलं आणि अंगावर बादली ओतूनच आत घेतलं. शेणाचा काला आधी टाकीत गेला, त्यावर माझ्या लेंड्या.

मे महिन्यातलं आमचं ऊन म्हणजे टाकीला बाहेरून विस्तवच. बाराव्या दिवशी निळी ज्योत आली. मी नाचायचा बाकी होतो. चाचांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग चादर आणून बर्नर आणि ट्यूब झाकून टाकली.

"ही ज्योत शेणाची हाय," ते म्हणाले. "लेंड्यांची यायचीय अजून. चाळीस दिवस तोंड बंद."

मी तोंड बंद ठेवलं ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कॉलेजात एका मित्राला सांगितलं, त्याने त्याच्या ओळखीच्या बातमीदाराला सांगितलं, आणि संध्याकाळी बातमीदार कॅमेरा आणि मोबाईल घेऊन परसात हजर झाला. दोन दिवसांवर पर्यावरण दिन होता आणि त्याला त्या दिवसासाठी काहीतरी हवंच होतं.

चाचांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "परवाच पेटलीय. चाळीस दिवसांनी या."

"चाचा, चाळीस दिवसांनी पर्यावरण दिन असतो का?" तो हसून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "घोंगडं आहे का तुझ्याकडे? आणि एखादं शेरडू?"

घोंगडं ट्रंकेत होतं. शेरडू शेजारच्या बोळातून उसनं आणलं. ते शहरातलं शेरडू, कुणाच्या हातात राहायला तयार नाही. त्याला एका बगलेत दाबून मी ज्योतीशेजारी उभा राहिलो. चाचा दारात उभे होते. बातमीदार म्हणाला, "चाचा, जरा बाजूला होता का? मागच्या शेगड्या फोटोत येतात." चाचा लगेच बाजूला झाले. शेगड्यांवर त्यांनी चादरही टाकली.

तेवढ्यात बातमीदाराने विचारलं, "म्हणजे नुसत्या लेंड्यांवर?" मी चाचांकडे पाहिलं. ते चादर नीट करत होते. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली का नुसतीच हलली, हे मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. ती हो म्हणूनच हलली होती.

पर्यावरण दिनी फोटो छापून आला. मेंढपाळाच्या पोराने फक्त लेंड्यांवर चूल पेटवली, असा मथळा. मोबाईलवरची चित्रफीत तर गावोगाव फिरली. प्राचार्यांनी मला बोलावून गुलाबाचं फूल दिलं. वडिलांनी तो पेपर बाजारात माणसं थांबवून थांबवून दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते लोकांना मोठ्याने वाचायला लावायचे. तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या घरावर कुणी असं कौतुकाने पाहिलं ते पहिल्यांदाच. त्याबद्दल मी त्या बातमीदाराचाही ऋणी आहे.

मग फोन यायला लागले. त्यात एक आजी होत्या, मैंदर्गीच्या पुढच्या वस्तीवरच्या.

"तूच का रं त्यो मोबाईलातला? शेरडू घिऊन हुबा ऱ्हायल्याला?"

"हो, मीच."

"माज्याकडं टाकी हाय. लेंड्या बी लई हायती. गाय न्हाई पर. चालंल का?"

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. तीन टोपल्या शेण, एवढे तीनच शब्द. पण मथळ्यात 'फक्त' होतं. मी म्हणालो, "गाय नाही लागत आजी. लेंड्या टाका आणि रोज पाणी घाला."

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत माझी ज्योत विझली. टाकीचं झाकण काढलं तर लेंड्या वर तरंगत होत्या, एकमेकींना चिकटून कडक खपली झालेली. त्या कुजल्याच नव्हत्या. इतके दिवस जळलं ते चाचांच्या सायकलवरून आलेलं शेण. चाचा टाकीत वाकून म्हणाले, "बघ, आत्ता खरं बोलायला लागली." त्यांना अजिबात वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्या दृष्टीने काम आता कुठे सुरू होत होतं. बाहेर काय छापून आलंय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पेपरात अजून उन्हाळ्याच्या बातम्या चालू होत्या.

जुलैच्या मध्याला त्यांच्या गठ्ठ्यातून माझा फोटो वर आला.

मी दुकानातच होतो. चाचांनी फोटो बघून कौतुकाने मान डोलावली, "शेरडू गुणी निघालं." मग चष्मा सारखा करून मोठ्याने वाचायला लागले. पहिल्याच ओळीत थांबले.

"फक्त?"

मी फळीवरच्या शेगड्या सारख्या करायला लागलो.

"फक्त लेंड्यांवर, म्हणतो. मग माझ्या सायकलला अजून वास येतो तो काय अत्तराचा हाय?"

"चाचा, ते त्याने लिहिलंय."

"आणि तू काय बोललास?"

"मी नाही म्हणालो नाही."

ते पुढे काही बोलणार तेवढ्यात माझा फोन वाजला. मैंदर्गीच्या आजी. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरजच नसायची.

"लेकरा, पंदरा दिस झालं की रं. अजून कायबी पेटंना. रोज दोन घागरी वततिया त्यात. हीर लांब हाय आमची, कंबरडं मोडतंय बग. वतू का अजून?"

चाचा माझ्याकडे बघत होते. मी पाठ फिरवली आणि म्हणालो, "ओता आजी. येईल."

फोन ठेवला तेव्हा चाचांनी पेपराची घडी घातली होती. "परत लाव तिला. सांग, थांब म्हणून."

"चाचा, आधी मी उपाय शोधतो. मग उपायासकट सांगतो. नुसतंच फसलं म्हणून कसं सांगू?"

"उपायाला चाळीस दिवस लागतील. तंवर तिच्या ऐंशी घागरी." ते उठले. "आणि त्या पेपरवाल्याला बी सांग. जेवढ्या मोठ्या अक्षरात पेटली म्हणून छापलं, तेवढ्याच अक्षरात विझली म्हणून छाप म्हणावं."

बातमीदाराला मी खरंच फोन केला. तो चांगला माणूस होता, त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मित्रा, बंद पडलं ही बातमी नसते. नवीन काही केलंस की सांग."

आजींना मात्र केला नाही. पुण्याहून पत्र आलं होतं. तरुण संशोधकांच्या गौरवाला माझी निवड झाली होती. ते उरकू दे, मग सांगू, असं मी स्वतःला समजावलं. वस्तीवरच्या एका म्हातारीला सांगितलेलं पुण्यात कुणाला कळणार होतं? पण मला भीती वाटत होती. सांगितलं की ते खरं होईल, अशी भीती.

चाचा रागावले नाहीत. रोज सकाळी चहा गाळताना फक्त एवढंच म्हणायचे, "आजच्या दोन गेल्या." कप माझ्यापुढे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आजच्या दोन." पाऊस त्या वर्षी नुसता तोंड दाखवून गेला होता. मी मागच्या दाराने, चहा न घेता कॉलेजला जायला लागलो. एकदा त्यांनी हाक मारून विचारलं, "ती वस्ती कुठं म्हणालास?" मी सांगितलं. का विचारताय, हे विचारलं नाही.

पुण्यातलं सभागृह थंडगार होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या की या तरुणाने कितीतरी माउल्यांच्या डोळ्यांतला धूर पुसला. माझ्या खांद्यावर शाल पडली. दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आईचं नाव घेतलं. वडिलांचं घेतलं, प्राचार्यांचं घेतलं. चाचांचं नाव घेतलं असतं तर शेणाचं सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी परतलो तर चाची दारातच म्हणाल्या, "कल मैंदर्गी गए थे वो. सुबह की एसटी से, बिना खाए."

चाचा आत एका शेगडीचा कॉक आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "घागरी थांबल्या."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणायचं ते म्हणाली." मग त्यांनी शालीचं टोक हातात घेऊन बोटांनी चाचपलं. "लोकर न्हाई. पण चांगली हाय. ठेव नीट."

त्यापुढे त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. माझं शेवटचं वर्ष अभ्यासात गेलं आणि चाचांचं टाकीत. लेंड्या दगडाने ठेचायच्या, चार दिवस भिजवायच्या, थोडं शेण घालून ढवळायच्या. पुढच्या वर्षी मला पुण्यात सौरऊर्जेच्या एका कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीला तेच कात्रण टेबलावर होतं. त्या नोकरीने माझ्या बहिणीचं शिक्षण झालं, आईच्या स्वयंपाकघरात सिलिंडर आला. एक दिवस चाचांचा फोन आला. ते फोन कधी करत नसत.

"पेटलीय. आज चाळीस दिवस झाले. आता लेंड्यांची हाय. आके देख."

"येतो चाचा. येत्या रविवारी नक्की."

तो रविवार गेला, पुढचे दोन-चार गेले. त्या ज्योतीचा फोटो कुणी काढला नाही. बातमीदाराला कळवावं असं मला सुचलंही नाही. थंडीत चाचींच्या भाच्याचा फोन आला, चाचा गेले म्हणून. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. परसातली टाकी रिकामी, पालथी घालून ठेवलेली. चाची म्हणाल्या, "रोज पूछते थे. आया क्या, आया क्या."

या गोष्टीला पाच महिने झाल्यावर मी मैंदर्गीला गेलो. आजींची वस्ती विचारत विचारत सापडली. त्यांनी मला लगेच ओळखलं. "अगं बया, मोबाईलातलं पोरगं!" चटई टाकली, शेंगा आणि गूळ पुढे ठेवला. त्यांची टाकी आडवी कापली होती आणि तिच्यातून शेरडं पाणी पीत होती.

"तुजा काय दोस न्हाई लेकरा," त्या आपणहून म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्यानं समदं सांगितलं मला."

"काय सांगितलं?"

"हितं आला, उनाचा. हात जोडून हुबा ऱ्हायला. म्हनला, बाई, पोराला म्याच चुकीचं शिकिवलं. शेन लागतंय, ते म्याच सांगितलं न्हाई. पोरगं सरळ हाय, त्याला बोल लावू नका." आजींनी शेंग फोडली. "मग मी सोडती व्हय? वस्तीवरची समदी गोळा झाली. लई बोलले मी त्याला. म्हातारा झालास, दाढी पिकली, गरिबाला पानी वाहायला लावतुयास, लाज न्हाई का, म्हनलं. तोंडाला येईल ते बोलले. पानी सुदिक इच्यारलं न्हाई. मान खाली घालून ऐकलं आन् गेला चालत फाट्यापतोर."

शेरडं पाणी पीत होती. मी हातातली शेंग खाली ठेवली.

"आजी, त्यांनी शिकवलं नव्हतं. त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. शेण त्यांनीच आणलं होतं. तुम्हाला थांबा म्हणून सांग, असंही म्हणाले होते. खोटं मी बोललो."

त्यांनी फोडलेली शेंग तशीच मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी बोलावं, असं मला फार वाटत होतं.

"म्हातारा हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "घिऊन ये त्याला. न्हाईतर मी येते सोलापूरला. पाया पडते त्याच्या."

"नाहीत आजी. थंडीत गेले."

त्यांच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. त्या त्यांनी वेचल्या नाहीत. पदराचं टोक तोंडाशी धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"मग आता मला कशापायी सांगितलंस रं?"